ओल्या चादरीची दुसरी बाजू

९ फेब्रुवारी १९९०, शुक्रवार. शाळेतून येऊन चहा घेतला आणि टेबल मोकळं करून लिहायला बसले. रविवारी चर्चमध्ये कापणीचा सण आहे. सात गाणी भिंतीवर दाखवायची आहेत. सहा कन्नड, एक मराठी. कन्नड सहा काल-परवा लिहून झाली. मराठीचं पारदर्शक पान अजून कोरं आहे.

हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. तळहाताचं तेल पानाला लागलं की मार्करची शाई त्यावर धरत नाही, म्हणून हाताखाली टीपकागद ठेवावा लागतो. पानाखाली रेघांचा कागद नसेल तर ओळी उताराला लागतात आणि भिंतीवर तो उतार हातभर दिसतो. अक्षर अंगठ्याच्या नखाएवढं हवं. एका पानावर आठच ओळी. धृपद प्रत्येक कडव्यानंतर पुन्हा लिहायचं. ‘वरीलप्रमाणे’ लिहिलं की लोकांचे डोळे वर जातात, तिथंच राहतात, आणि पुढच्या कडव्याला चर्चचे दोन तुकडे होतात. चुकलं तर दवाखान्यातलं स्पिरिट आणि कापूस. चर्चमध्ये प्रोजेक्टरचं यंत्र चार वर्षांपूर्वी आलं, तेव्हापासून हे काम माझ्याकडे आहे. माझं अक्षर चांगलं, आणि मला घाई नसते, असं लोक म्हणतात. घाई कशाची असणार? हे जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी हुबळीला तिच्या संसारात. एकट्या माणसाचं घर लवकर आवरतं. दोन भाकऱ्या, एक भाजी, की स्वयंपाक संपला.

बाहेर रस्त्यानं कडब्याच्या गाड्या जात आहेत. सकाळपासून ही तिसरी. शाळूचा कडबा वाळला की त्याला गोडसर, धुळकट वास येतो आणि गाडी निघून गेल्यावरही तो वास थोडा वेळ रस्त्यात रेंगाळतो. बीदरला हे दिवस असेच असतात. पहाटे शाल लागते, दुपारी पदरानं तोंड पुसावं लागतं. मैलूरच्या बाजूनं वारा सुटला की खिडकीच्या कठड्यावर तांबडी माती बसते. ती पुसताना दरवर्षी मला कोहिनूर गावातली ती सुगी आठवते. मी आठवणी काढत बसणारी बाई नाही. पण वास आला की आपल्याला कोणी विचारत नाही.

तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. लग्नाला वर्ष झालं होतं. हे उपदेशक होते आणि सुगीच्या दिवसांत बसवकल्याणकडची गावं फिरायचे. त्या वर्षी मलाही बरोबर नेलं. कारण व्यावहारिक होतं. यांना गाता येत नव्हतं. आवाज मोठा, पण सूर कुठल्या कुठं. शिवाय गाणी लिहायला कोणीतरी हवं होतं. आमच्याजवळ चित्रं दाखवायचा एक जुना कंदील होता. पत्र्याची पेटी, आत रॉकेलचा दिवा, पुढं भिंगाची नळी. चित्रांच्या काचा होत्या, पण गाण्यांच्या नव्हत्या. त्या आम्हीच करायचो. फोटोवाल्यानं टाकून दिलेल्या काचा आणायच्या, गरम पाण्यात बुडवून त्यांच्यावरचा थर खरवडून काढायचा, पुसून कोरड्या करायच्या. मग चिमणीच्या ज्योतीवर काच फिरवून काजळी धरायची. सगळीकडं सारखी काळी झाली की दाभणानं अक्षरं कोरायची, वरून दुसरी काच ठेवून कडांना कागदाची पट्टी चिकटवायची. काजळीला बोट लागलं की गाणं गेलं. सगळं पुन्हा.

पण दिवा लावून ती काच आत सरकवली की काळ्याभोर अंधारात पांढरी अक्षरं उजळायची. आजचं यंत्र पांढऱ्यावर काळं दाखवतं, शाळेच्या वहीसारखं. तेव्हाची अक्षरं उजेडाचीच असायची. हा फरक मी कोणाला सांगत नाही. सांगितला तर म्हातारी झाली म्हणतील.

दिवस बुडाला की खळ्यावर दोन मेढी रोवायच्या आणि मध्ये चादर ताणायची. चादरीवर पाणी मारायचं, म्हणजे सुरकुत्या जातात. तिथंच सगळी गोम होती. ओल्या कापडातून उजेड पलीकडं जातो. चादरीच्या पुढं कंदील, कंदिलाजवळ मी आणि हे, आमच्याभोवती गडीमाणसं आणि गावातले मानाचे लोक. बाया चादरीच्या मागं. त्यांना तिथं बसा असं कोणी सांगितलं नव्हतं. पुढची जागा भरली, मागं जागा होती, त्या बसल्या. मला वाटायचं, बरंच झालं, दोन्हीकडून दिसतं.

पाच गावं झाली. कोहिनूर सहावं. तिथं आम्ही चार संध्याकाळी चादर लावली. चौथ्या दिवशी सकाळी मी खळ्यावर बायांबरोबर कणसं खुडायला बसले होते. शाळूच्या पात्यानं बोटं कापत होती आणि माझी ती अवस्था बघून बाया हसत होत्या. त्यांच्यात रत्ना होती. माझ्याच वयाची, नवी सून, माहेरी मराठी तिसरीपर्यंत शिकलेली. हातातलं काम न थांबवता ती म्हणाली,

“अक्का, एक इचारू? राग नगा धरू.”

“विचार की.”

“तुमची अक्षरं आमच्याकडं पाठ करून बसायल्यात.”

मला कळेना. तिनं मातीत काडीनं ‘देव’ लिहिलं. आरशात दिसावं तसं, उजवीकडून डावीकडं.

“हे असं दिसायलंय आमाला. तीन दिस झालं. मी आपली वाचायलेय उलटं. वाचता वाचता मान मोडली.”

“अगं, मग पहिल्याच दिवशी कामून सांगितलं नाहीस?”

“मला वाटलं, आमच्यासाटी तसंच असतंय.”

बाकीच्या बाया हसल्या. त्यांना वाचायला येत नव्हतं, सुलटं काय अन् उलटं काय. मीही हसले. पण हातातलं कणीस खाली ठेवलं. आधीची पाच गावं आठवली. त्या गावांतही एखादी तिसरी शिकलेली सून असणारच. ती काही बोलली नव्हती. आपल्या वाट्याला उलटंच येतं असं धरून तिनं संध्याकाळभर मान वाकडी केली असेल आणि घरी जाऊन भाकरी थापल्या असतील.

दुपारी यांना सांगितलं. हे तिरसट होते, पण अडाणी नव्हते. काच हातात घेऊन फिरवली, पुन्हा फिरवली, आणि म्हणाले, “सोपं आहे. एक गाणं त्यांच्याकडं, एक यांच्याकडं.”

संध्याकाळी पहिलं गाणं सुरू झालं आणि पुढच्या रांगेत गडबड उडाली. गावच्या पाटलांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“ओ उपदेशक, आमाला उलटं कामून दावायलाव?”

“बायांनी तीन दिस उलटं वाचलंय, पाटील. तुमी एक गाणं वाचून बघा.”

एक जण उठून सरळ दिसेल म्हणून चादरीला वळसा घालून मागं गेला. लगेच मागून त्याच्या बायकोचा आवाज आला, “हितं कामून आलाव? जावा, तिकडं बसून उलटं वाचा!” सगळं खळं हसलं. चादर हलली. हसण्यात गाणं राहिलं ते राहिलंच, पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागलं. त्या वेळी पलीकडून, ओल्या कापडाच्या मागून, प्रथमच एक आवाज शब्दासकट आला. रत्नाचा. मला ती दिसत नव्हती, तिला मी दिसत नव्हते. मध्ये उजेडाची अक्षरं होती, आणि दोन्ही बाजूंनी आम्ही तीच ओळ धरून चाललो होतो. पुढं आयुष्यात मी पुष्कळ लोकांच्या शेजारी उभी राहून गायले. पण कोणाबरोबर गायले असं विचारलं तर मला तीच संध्याकाळ आठवते.

आज कोरं पान ज्याच्यासाठी ठेवलंय, ते गाणंही त्याच आठवड्यातलं. कुठल्या पुस्तकात ते नाही. सुगीचं एखादं गाणं हवं म्हणून मी एक ओळ केली होती आणि तिथंच अडले होते:

कणसात भरला दाणा, देवा, तुझ्या हाताचा

“पुढं?” रत्नानं विचारलं.

“पुढं सुचत नाही.”

“पाखरांचं कोण बघायचं?” असं म्हणून तिनं कणसं खुडता खुडताच दुसरी ओळ दिली:

आधी पाखरांचा वाटा, मग आमच्या ताटाचा

बाकीची कडवी दोघींनी मिळून केली. चालही तिच्याच घरच्या जात्याची. काजळीच्या काचेवर मी ते कोरलं. पुढं ती काच फुटली, कंदीलही गंजला. यांची बदली बीदरला झाली, मी शाळेत लागले. बीदर म्हैसूर राज्यात गेलं होतं, नोकरीला कन्नड हवं होतं, शिकले, शिकवलंही. पण कापणीच्या सणाला हे गाणं दरवर्षी होत राहिलं. रत्ना कोहिनूरहून पेंढी घेऊन यायची, माझ्या शेजारी उभी राहायची. मी ‘अक्का’च राहिले, पण ‘तुमी’चं ‘तू’ कधी झालं ते दोघींनाही आठवत नाही. मराठी वाचणारी बाकीची माणसं एकेक करून गेली. कोणी सोलापूरला, कोणी पुण्याला, कोणी मातीत.

पूर्वी चर्चमध्ये पुस्तकं कमी असायची. दोघींत एक, कधी तिघींत एक. पुस्तकात बघायचं तर डोकं डोक्याला लागायचं. शेजारणीनं खोबरेल लावलंय की करडईचं, ते कळायचं. आता सगळ्यांच्या हनुवट्या वर. भिंत सगळ्यांना सारखी दिसते, म्हणून कोणाला कोणाकडं सरकावं लागत नाही. माझी तक्रार नाही. यंत्र चांगलं आहे, मागच्या बाकावरच्यांनाही वाचता येतं. नुसतं नोंदवून ठेवते.

गेल्या वर्षी रत्ना आली नव्हती. लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. मी नेहमीसारखं मराठी पान लावलं, सूर धरला, आणि दुसऱ्या ओळीला कळलं की आवाज एकच आहे. पेटीवाल्यानं थोडं चाचपून हात काढून घेतला. लोक शांतपणे भिंतीकडं बघत होते. माझ्याकडं कोणी बघितलं नाही, हा त्यांचा चांगुलपणा. मी चारही कडवी पूर्ण केली, लिहिली होती म्हणून. गाणं संपल्यावर कुणाच्या तरी टोपलीतली कोंबडी ओरडली, तेवढीच दाद.

यंदा चर्चचे पाळकसाहेब घरी आले. तरुण आहेत, माणूस सरळ. घरची भाषा कन्नड, पण मराठी नीट बोलतात. म्हणाले, “अक्का, ते मराठी गाणं कन्नड अक्षरांत लिहा. पोरं घरी मराठीच बोलतात, पण वाचतात कन्नड. त्यांना वाचता आलं तर गातील.”

“आणि नाही गायली तर?”

त्यांनी कपातला चहा संपवला. “तर पुढच्या वर्षीपासून नको ठेवू या. तुम्हाला एकटीला तसं उभं राहिलेलं बघून मला बरं वाटलं नाही, अक्का.”

बरोबर बोलले. मला राग आला तो बरोबर बोलले म्हणूनच. गाणं पोरांच्या तोंडात आहे, डोळ्यांत नाही. डोळ्यांतलं अक्षर द्यावं, एवढंच तर काम. मराठी अक्षर म्हणजे काही देव्हाऱ्यातला देव नव्हे. मला दोन्ही येतात. पण रत्नाला कन्नड येत नाही. यंदा ती येणार असा निरोप आहे, आणि ती भिंतीकडं बघेल तेव्हा अक्षरांनी पुन्हा तिच्याकडं पाठ केलेली असेल. गाणं तिला पाठ आहे, हे मला कळतं. तरीही पान दोन दिवस कोरं राहिलं.

शेवटी दोन पानं लिहिली. एक कन्नड अक्षरांतलं, भिंतीसाठी. एक मराठी, रत्नाला हातात द्यायला. मागं पांढरा कागद धरला की नीट वाचता येतं. हात धुतले. मार्करचा डाग लगेच जात नाही. भाकरी एकच केली.

१३ फेब्रुवारी, मंगळवार. रविवारी चर्चच्या खांबांना शाळूची ताटं बांधली होती, कणसांसकट. पुढं भोपळे, तुरीच्या पेंढ्या, अंडी, पाय बांधलेल्या कोंबड्या. मी यंत्रापाशी बसले, शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवून जागा धरली. घंटा व्हायच्या आधी रत्नाचा भाचा दावीद पेंढी घेऊन आला. एकटाच.

“आत्या?”

“आत्या पडली, अक्का. परवा खळ्यावर. मांडीचं हाड म्हणायलेत. हलता येईना.” मग पेंढी पुढं करत म्हणाला, “म्हनली, पेंढी नेऊन दे. अन् अक्काला म्हन, गाणं सोडू नको.”

मी पिशवी खुर्चीवरून काढली नाही.

पाचव्या क्रमांकाला पान लावलं. कन्नड अक्षरं भिंतीवर चढली, पेटीवाल्यानं सूर दिला, आणि चर्च गायलं. सगळं चर्च. पोरांनी तर ‘पाखरांचा वाटा’ असा उचलला की छपरावरची खरीखुरी पाखरं उडाली असतील. चाल जात्याची होती, ती आता कवायतीची झाली होती. जात्याला दम घ्यावा लागतो, पोरांना नाही. पण शब्द न् शब्द बरोबर. ज्या बायांना मराठी जेमतेम कळतं त्याही गात होत्या. पाळकसाहेबांनी माझ्याकडं बघून मान हलवली. गाणं राहिलं, हे मला त्याच क्षणी कळलं. माझ्या मागंही राहील.

तिसऱ्या कडव्यापर्यंत मला हे कळलं नव्हतं की मी गात नाही. मी त्या सगळ्या आवाजांत एक आवाज शोधत होते, आणि तो नाही हे ठाऊक असून शोधत होते. गेल्या वर्षी सगळ्या चर्चमध्ये एकटीच गात होते. या वर्षी एकटीच गप्प. यंत्राचा पंखा घरघरत होता. काचेवर हात ठेवला तर भिंतीवर माझ्या बोटांची भलीमोठी सावली पडली. मी हात काढून घेतला आणि पान बदललं.

शेवटी देवाला वाहिलेल्या वस्तूंच्या लिलावात लोकांनी आपापल्या कोंबड्या परत विकत घेतल्या, दरवर्षीसारखं. मी रत्नाची पेंढी घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत रजेचा अर्ज पोचता केला आणि बसवकल्याणची पहिली गाडी धरली. तिथून कोहिनूरची. पिशवीत मराठी पान, कपड्यांच्या दोरीवरचे दोन चिमटे, आणि मोसंबी. रत्नाच्या घरात माणसं शेतावर गेली होती. ती पुढच्या खोलीत खिडकीला लावलेल्या बाजेवर पडून होती, पायाला पट्ट्या आणि विटांचं वजन. मला बघून म्हणाली, “आलीस? गायले का लोकं?”

“गायले. सगळे.”

“अन् तू?”

मी मोसंबी खाली ठेवली. पान तिच्या हातात दिलं, पण झोपलेल्या माणसाला ते धरवेना. सारखं घरंगळत होतं. बाज खिडकीला चिकटलेली, आतून हात पोचत नव्हता. म्हणून बाहेर गेले आणि खिडकीच्या गजांना चिमट्यांनी पान लावलं, अक्षरं तिच्या बाजूला सरळ येतील असं. ऊन माझ्या पाठीवर होतं. पानाच्या पलीकडं तिचा चेहरा पुसट दिसत होता, आणि माझ्या पुढ्यात माझंच अक्षर उजवीकडून डावीकडं चाललं होतं. पहिला शब्द लागायलाच वेळ गेला.

“आता कसं सुलटं दिसायलंय,” आतून रत्ना म्हणाली. “तुला?”

“मला उलटं.”

“मग वाच की. आमी तीन दिस वाचलोत.”

मी मान जराशी वाकडी केली आणि वाचायला लागले.